शेवटची खाच

"कडक नगं, खाजाभाई. कडक आसला की उडवतंय, अन् लय मऊ आसला की खड्ड्यात धाडकन खाली टेकतंय. मागं बसल्यालं माणूस गादीवर बसल्यावानी गेलं पायजे, आसं कायतरी बसवा."

"चंद्रभान, ह्यो फटफटीचा शॉकप हाय. पाळणा न्हाई."

देवगाव फाट्यावर खाजाभाईचं पत्र्याचं दुकान. दारात चंद्रभानची जुनी फटफटी ठोकळ्यावर चढवलेली, मागच्या दोन्ही अंगांचे शॉकप काढून जमिनीवर आडवे टाकलेले. त्याची बायको केशरबाई लिंबाखाली पोत्यावर कुशीला निजलेली. तिला बसवत नव्हतं, आणि निजून बरं वाटत होतं असंही नाही.

चंद्रभान गावातलं दूध गोळा करून सेलूच्या हॉटेलांना घालायचा. मागं भरलेले कॅन लटकवून गाडी अशी पिटाळायचा की लोक म्हणायचे, ह्याला रस्ता दिसतच न्हाई, नुसतं सेलू दिसतंय. त्यासाठीच त्यानं मागं कडक स्प्रिंग बसवून घेतली होती. मग केशरबाईच्या पाठीचा मणका किडला. सेलूच्या डॉक्टरनं बजावलं, दर बाजाराला सुईला आणा, पण दणका बसू देऊ नका. गावात येणारी एसटी नामांतराच्या दंगलीत बंद झाली ती झालीच. गाव ते फाटा म्हणजे काळ्या रानात पडलेल्या चाकोऱ्या, त्याही वाळून दगड झालेल्या. बैलगाडीत नेऊन पाहिलं, तर ती वाटेतच उतरून चालायला लागली.

मागच्या बाजाराला त्यानं मऊ स्प्रिंग घालून पाहिली. पहिल्याच चाकोरीत ती तळाला टेकली. केशरबाईनं पदर तोंडात कोंबला तो फाट्यापर्यंत काढला नाही. आज पुन्हा कडक घालून निघाला, तर फाट्यावर येऊन ती म्हणाली, मला हितंच ऱ्हाऊ द्या, तुमीच जाऊन सुई घेऊन या. तो गाडी घेऊन खाजाभाईपुढं उभा राहिला.

खाजाभाईनं भंगारातून तिसरी जोडी काढली. हिच्या स्प्रिंगखाली कडं होतं आणि कड्याला खाचा. पान्यानं कडं फिरवलं की स्प्रिंग कडक होई, उलटं फिरवलं की मऊ. मागं वजन किती, त्यानं विचारलं. चंद्रभानला आठवलं ते कापसाच्या काट्यावरचं. वेचणी संपली की बाया हसत-खिदळत एकमेकींना तोलायच्या. केशरबाई बसली तेव्हा पलीकडच्या पारड्यात मापं पुरली नव्हती, वरून दगड ठेवावा लागला होता. तेच वजन त्यानं सांगितलं.

खाजाभाईनं जोडी बसवली, कडं मधल्या खाचेवर आणलं आणि गाडी ठोकळ्यावरून उतरवली. चंद्रभान पुढं बसला आणि त्यानं मागं हात देऊन केशरबाईला बसवलं. तिच्या बसण्यानं शॉकप बोटभर खाली जायला पाहिजे होता. खाजाभाई वाकून बघत राहिला. शॉकप हलला नाही. त्यानं पाना लावून कडं एक खाच खाली घेतलं. मग आणखी एक. मग शेवटची.

"भाबी, पाय टेकवलेत का खाली? समदं वजन टाका."

"टाकलंय की," केशरबाई म्हणाली. "ह्येवढंच हाय."

खाजाभाई चिंधीनं हात पुसत बसला. हात आधीच पुसलेले होते. चंद्रभाननं मान वळवून स्प्रिंगकडं पाहिलं. तो हिला रोज उठवायचा, रोज धरून न्हाणीत न्यायचा. रोजच्या हाताला काही कळलं नव्हतं.

"ह्याच्या खाली खाच न्हाई," खाजाभाई म्हणाला. "अन् मऊ जोडी घातली तर तुज्याच वजनानं तळाला टेकंल."

"मंग?"

"मंग काय. वजन वाढव."

फाट्यावरच्या हापशावर दोघांनी गाडीवरून उतरवून ठेवलेल्या रिकाम्या कॅनांत पाव-पाव पाणी भरलं आणि ते मागं लटकवले. आता शॉकप बोटभर बसला. केशरबाईनं कॅनकडं बघून घेतलं.

"लोक मनतील, दूध परवडंना मनून नुसतं पाणीच विकायलाय."

खाजाभाई हसला. चंद्रभान झाकणं आवळत होता.

सेलूच्या वाटेवर खड्डा आला की तिचा पंजा त्याच्या खांद्यात रुतायचा. आज कमी रुततोय असं त्याला वाटलं. पण ते शॉकपमुळं, की पंजातच जोर राहिला नव्हता, हे कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायचा धीर होत नव्हता. डॉक्टरनं सुई दिली. खाऊपिऊ घाला, पुढच्या बाजाराला आणा, एवढंच म्हणाला.

दिवस कलता ती दोघं गावात आली. त्यानं तिला बाजेवर निजवलं, कॅनमधलं पाणी म्हशीपुढं ओतलं, कॅन राखेनं घासले. धारांची वेळ झाली होती. मऊ खाचेवर भरले कॅन चालले नसते, मडगार्ड चाकाला घासलं असतं. खाजाभाईनं दिलेला पाना त्यानं कड्याला लावला. कडं करकरत पार कडक खाचेवर गेलं.

"पुन्ना खाली येतंय न्हवं ते?" केशरबाईनं बाजेवरून विचारलं.

"येतंय," तो म्हणाला, आणि कॅन लटकवून मुंजाजीच्या गोठ्याकडं दुधाला निघाला.