शेवटी भाजायचा लाल

मीनाकाराच्या घराण्यात लाल रंग शेवटी भाजायचा, असा दंडक होता. पांढरा, निळा, हिरवा हे दांडगे रंग. सोन्यावर कोरलेल्या खाचांत काचेची पूड भरून भट्टीत सारली, की पुन्हा पुन्हा आच सोसतात. लाल मात्र मानी जावयासारखा. वितळून चकाकला की त्याच क्षणी बाहेर काढायचा; जरा उशीर झाला, की तोंड काळवंडलेच.

त्याच्या लालाला बाजारात तोड नव्हती, म्हणून सारे त्याला लालबुवा म्हणत. गेल्या वर्षापासून मात्र त्याच्या डोळ्यांवर पिवळट पडदा चढला होता आणि निखारा कुठला, रंग कुठला, हे त्याला कळेनासे झाले होते. हे त्याने कोणालाही सांगितले नाही. बायकोला सांगावे लागले नाही. ती शेजारी बसून खलात काच घोटत असे. रंग पिकला की तिचा बत्ता थांबे, आणि बत्ता थांबला की तो चिमटा आत घाली. या गोष्टीचा उच्चार दोघांनीही कधी केला नाही.

आक्काने, त्याच्या थोरल्या बहिणीने, वडिलांनी घडवलेले कडे दुरुस्तीला आणले. लाल फुलाच्या पाकळ्या टवके उडून बोडक्या झाल्या होत्या. वडिलांच्या हातच्या लाल काचेचा चिंचोक्याएवढा एकच खडा उरला होता. ती काच करण्याची रीत त्यांच्याबरोबरच गेली होती.

"आधी डोळे दाखवा, मग कड्याला हात लावा," बायको म्हणाली.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"बरं. तुमचे डोळे, तुमची भट्टी. मी आपली घोटत बसते."

तो शेवटचा खडा घोटून पाकळ्यांत भरला आणि कडे आत गेले. बत्ता घरघरत राहिला. चिमटा उचलून तो थांबला. बायको हट्टी आहे, पण वेळेला बत्ता थांबवेल, असे त्याने स्वतःला समजावले. घाम भुवईवरून ओघळला. बत्ता फिरतच होता. तिने भट्टीकडे पाठ केली होती, हे त्याला उशिरा उमगले.

"अगं... झालं का?"

बत्ता थांबला. ती वळली.

"काढा! अहो, काढा आधी!"

लाल निवताना परत उजळतो. हा उजळला नाही. पाकळ्या वाळल्या रक्तासारख्या काळपट राहिल्या.

संध्याकाळी आक्काने कडे उजेडात फिरवून पाहिले. "हे काय रे? बाबांचा लाल कुठंय?"

"माझंच चुकलं, आक्का, मी..." बायको बोलू लागली. त्याने हाताने तिला थांबवले.

"मला लाल दिसत नाही, आक्का. वर्ष झालं."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

आक्काने कडे मनगटात चढवले, त्यावर बाही ओढून घेतली आणि ती निघून गेली.

मग तो भट्टीसमोरच्या पाटावरून उठला, बायकोच्या हाती चिमटा दिला आणि बाजूला सरकून बसला. तिने तो घेतला, पण पाटावर ती बसली नाही. चिमटा तिने खुंटीला अडकवला आणि भट्टीच्या तोंडाशी वीट लावून ती बंद करून टाकली.