धावपट्टीच्या कडेचं गवत

मिठागरावरच्या माणसाला सपाट जमिनीचं कौतुक ते काय असणार! उरण-पनवेलच्या मधलं आमचं खाडीकाठचं गाव सगळं तळहातासारखं सपाट. तरी मुंबईच्या विमानतळावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मी आ वासून बघतच राहिले. कुठे बांध नाही, झाड नाही. मधोमध सिमेंटचा रुंद पट्टा, आणि तो इतका लांब, की त्याचं पलीकडचं टोक उन्हात थरथरत होतं. शेजारी सासू उभी होती. ती म्हणाली, "तोंड मिट गो, माशी जाईल." पण तिचंही तोंड उघडंच होतं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. भात झोडून झालं, की मिठागरं सुरू होईपर्यंत आम्हा आगरी बायकांच्या हाताला काम नसे. विमानतळावरचं गवत पावसाळ्यात कमरेएवढं वाढायचं. त्यात कडेचे दिवे झाकले जायचे, साप-पाखरं वस्तीला यायची, आणि एखादी ठिणगी पडली तर विचारायलाच नको. म्हणून ते कापायला देत. त्या वर्षी ठेका एका तबेलेवाल्याने घेतला होता. त्याला म्हशींना गवत हवं होतं, आम्हाला काम. विळे पदरात गुंडाळून आम्ही पंधरा-वीस बायका मचव्यात बसलो आणि शिडाच्या त्या होडीतून मुंबईला आलो.

"पोरं आणायची नाहीत," असं ठेकेदाराने बजावलं होतं. बोलायला त्याचं काय जातं! माझी मुलगी अंगावर पिणारी, नुकती रांगायला लागलेली. तिला ठेवू कुठे? आणली पदराखाली झाकून.

आमच्यावर नजर ठेवायला एक निशाणवाला होता. घाटावरचा माणूस, मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा. हातात लाल निशाण. त्याने ते वर केलं, की आम्ही विळे उचलून कुंपणाकडे पळायचं आणि विमान उतरून लांब जाईपर्यंत तिथे बसून राहायचं. सकाळपासून असं बरेचदा झालं. आधी समुद्राच्या अंगाला आभाळात एक ठिपका दिसायचा. बघता बघता त्याला पंख फुटायचे, चाकं फुटायची. मग पोटात घुमणारा आवाज करत ते धूड आमच्यासमोर जमिनीला टेकायचं. टेकताना चाकांखालून धूर निघे. काचेच्या खिडक्यांतून माणसांची डोकी दिसत. एवढं वजन वाऱ्यावर बसून येतं कसं, हे मला कळेना. दर वेळी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. सासू विचारायची, "रडतंस कशाला गो?" मी पदराने डोळे पुसून विळा उचलायचे. का रडते, ते मलाच ठाऊक नव्हतं.

निशाणवाला पहिल्यांदा वसकन अंगावर यायचा, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. म्हणाला, "इथं पूर्वी भातशेती होती. लढाईच्या वेळी गोऱ्यांनी भराव टाकून पट्टी लांब केली." मी पायाने सिमेंट चाचपून बघितलं. खाली कुणाचं तरी शेत होतं आणि वर हे! विश्वासच बसेना.

झोळी टांगायला झाड नव्हतं. मग मी मिठागरावर करतो तसंच केलं. तिथे दुपारच्या उन्हात आम्ही गवताच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करतो आणि खाली पोराला निजवतो. विमानं समुद्राच्या बाजूने येत होती, म्हणून मी डोंगराच्या बाजूचं टोक निवडलं. तिथे पट्टीजवळच पेंढ्या उभ्या केल्या आणि मुलीला पाजून खाली ठेवलं. निशाणवाला पाठमोरा असताना, अर्थात.

दुपारी वारा फिरला. सकाळी जमिनीकडून वाहणारी मतलई पडली आणि समुद्रावरून खारा वारा सुटला. हे आम्हा सगळ्यांना कळलं. मीठ पिकवणाऱ्यांना वारा कानाच्या पाळीला कळतो. सासू म्हणालीसुद्धा, "आला बघ खारा, बरा वाटला." पण विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, वारा फिरला की तेही फिरेल, हे कुणाच्या मनात आलं? एवढं लोखंड ते, त्याला वाऱ्याची काय पर्वा, असं आम्ही धरून चाललो होतो.

निशाण वर झालं. निशाणवाला ओरडला, "पळा, पळा! आता डोंगराकडून येणार!" आम्ही पळालो. मला वाटलं, सासू मुलीच्या जवळ होती, तिने उचललं असेल. सासूला वाटलं, मी उचललं. कुंपणापाशी पोचल्यावर आम्ही एकमेकींच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"पोर कुठं हाय?" सासूने विचारलं.

मी गर्रकन वळले. आणि तशीच उलटी पळत सुटले. मागून सासू, तिच्या मागून निशाणवाला, शिव्या देत. पेंढ्यांपाशी पोचले. पेंढ्या वाऱ्याने पडल्या होत्या. त्या उचलून फेकल्या. खाली माझ्या लुगड्याचा तुकडा होता, मुलगी नव्हती. एकीकडे न कापलेलं कमरेएवढं गवत आणि दुसरीकडे ती सिमेंटची पट्टी. रांगणारं पोर कुठे गेलं असेल? आणि डोंगराच्या डोक्यावर तो ठिपका दिसायलाही लागला होता.

"काय हाय तिथं?" निशाणवाल्याने धापा टाकत विचारलं.

"माझी पोर!" मी ओरडले. "माझी पोर होती इथं!"

मनाई असताना पोर आणलंच कसं, हे विचारण्यात त्याने वेळ घालवला नाही. तो सरळ सिमेंटच्या पट्टीवर मधोमध जाऊन उभा राहिला आणि विमानांना हुकूम देणाऱ्या लांबच्या काचेच्या मनोऱ्याकडे तोंड करून दोन्ही हातांनी निशाण हलवायला लागला. विमान वाढत होतं. पंखे दिसायला लागले, चाकं दिसायला लागली. आणि मनोऱ्याकडून 'उतरू नका' म्हणून इशाऱ्याचा एक लाल गोळा सूंकन आभाळात चढला.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. ते अजस्र विमान, खाली खाली येणारं, एकाएकी गरजलं. त्याने नाक वर केलं. आमच्या डोक्यांवरून त्याची सावली गेली, जमीन हादरली, पदर उडाला. आणि ते परत आभाळात चढलं, वळलं, आणि लांबून गोल फिरायला लागलं.

ते थांबलं होतं. उतरायचं सोडून वर फिरत थांबलं होतं.

तोवर सगळ्या बायका आल्या होत्या. आम्ही ओळ धरून गवतात शिरलो, विळे टाकून, नुसत्या हातांनी गवत बाजूला करत. वर तो आवाज फिरत होता. एक फेरी झाली. दुसरी सुरू झाली. मिठागराचा शेटजी आमच्या घरी मयत झालं तरी काम थांबवत नसे. आणि ही कोण कुठली मोठाली माणसं माझ्या पोरीसाठी आभाळात थांबली होती!

सापडली ती सासूला. पट्टीपासून दोन हातांवर, उंच गवताच्या बुडाशी. मुठीत गवताची काडी घट्ट धरून गाढ झोपली होती. एवढ्या गर्जनेतही! सासूने तिला उचललं आणि छातीशी धरून मटकन खाली बसली. तिला उठवेना. मग आम्ही दोघींनाही जवळजवळ ओढतच कुंपणाकडे नेलं. निशाणवाल्याने हिरवं निशाण काढलं.

विमान उतरलं. लांबवर शिडी लागली आणि माणसं उतरली. एकाने मनगटावरचं घड्याळ बघितलं, एका बाईने कपाळावर हात धरून आमच्या दिशेला पाहिलं, पण ती उन्हाकडे बघत असेल. उशीर का झाला, हे त्यांना कुणी सांगितलं असेल का? मला नाही वाटत.

गावात कुणाला खरं वाटलं नाही. नवरा तर हसला, "इमान काय बैलगाडी हाय, थांबायला?" त्यावर सासू जी काही कडाडली, की त्याने पुन्हा विषय काढला नाही.

मी चौथी पास. तेवढ्यावर हे लिहिलं आहे, आणि लिहिलं ते एकाच कारणासाठी. त्या विमानातलं कुणी अजून असेल, आणि त्या दुपारी आपण जमिनीला टेकता टेकता परत वर का गेलो, हे कोडं त्यांना अजून पडत असेल, तर त्यांना सांगायचं आहे. माझी मुलगी गवतात हरवली होती. तुम्ही थांबलात. ती सापडली.