बसप्पाचं चित्र

कमलम्मानं आयुष्यात एकच चित्र पाहिलं, असं सोलापूरच्या भवानी पेठेतले लोक म्हणायचे आणि म्हणता म्हणता हसायचे. कारण कमलम्मा आंधळी होती. लहानपणी देवी आल्या, त्यात डोळे गेले. पण हसणाऱ्यांचं काय जातं? ते चित्र तिनं त्यांच्यापेक्षा नीट पाहिलं होतं, कानांनी.

तिचा नवरा बसप्पा दिवसा गिरणीत राबायचा आणि संध्याकाळी थिएटरात पडद्याशेजारी उभा राहून चित्र बोलून दाखवायचा. मूकपटांचे दिवस ते. पडद्यावर पाटी आली की अर्ध्या लोकांना ती वाचता येत नसे आणि उरलेल्यांना वाचायचा कंटाळा. मग बसप्पा ती आधी मराठीत ओरडायचा, मागोमाग कानडीत. राजा व्हायचा, राणी व्हायचा, वेळ पडली तर घोडासुद्धा. कमलम्मा बायकांच्या बाजूला बसून ऐकायची.

'वेशीवरचा पहारा' हे त्याचं लाडकं चित्र. पहारेकऱ्याला राजाचा हुकूम, दार उघडायचं नाही. बाहेर शत्रू, आणि त्याचीच बायको लेकराला घेऊन दार ठोठावते. तिथं बसप्पा बायकी आवाज काढून मराठीत आणि मागोमाग तेच कानडीत म्हणायचा, "धनी, दार उघडा, मी हाय की! बागला तगीरी!" सगळं थिएटर हुंदके द्यायचं. सोलापुरानं मूकपट पुष्कळ पाहिले, पण असं चित्र पुन्हा झालं नाही, हे जाणती माणसंही कबूल करत.

पुढं बोलपट आले. पडदाच बोलायला लागल्यावर बसप्पाला कोण विचारतो! त्याचं ते काम सुटलं. कापसाच्या धुळीनं भरलेली छातीही फार दिवस चालली नाही. खोकून खोकून गेला बिचारा. शेवटी तर आवाज इतका बसला होता की पाणी मागायचा तेही कमलम्माला तोंडाशी कान नेऊन ऐकावं लागे. ती विणकरांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरू लागली. कांड्या भरायला डोळे लागत नाहीत. हात चालू असताना ती बसप्पाचा थिएटरातला भरदार आवाज आठवत बसायची. तिच्याजवळ त्याचं एवढंच उरलं होतं.

ते चित्र कधीच जळून गेलं, असं सगळे धरून चालले होते. आणि एक दिवस थिएटरातला सोडावाला येडू ओरडतच गल्लीत आला, चित्र सापडलं! केम गावात, तंबूत चित्रं दाखवत फिरणाऱ्या एकाच्या गोठ्यात पत्र्याच्या डब्यांत पडलं होतं. डब्यांवर कोंबड्या बसत होत्या.

"मालक आयतवारी लावणार हायेत," येडू म्हणाला.

कमलम्माचा हात थांबला. "येडू, बोलपटात आवाज कुटं असतो रे?"

"फितीतच की. बोलतील तसा धरून ठेवत्यात."

झालं! फितीत आवाज राहतो, तर रोज त्या चित्रापुढं घसा फोडणाऱ्या बसप्पाचा आवाज त्या फितीत भरल्याशिवाय कसा राहील? कमलम्मानं आपल्या मनाशी हे पक्कं करून टाकलं. शेजारच्या रंभाबाईला सगळं कळत होतं. खरं ते तिच्या जिभेवर आलंही होतं, पण कमलम्माचा खुललेला चेहरा पाहून तिनं ते गिळलं. असली दया नसलेली बरी.

आयतवारी कमलम्मा ठेवणीतलं लुगडं नेसली, कपाळाला विभूती लावली आणि रंभाबाईचा हात धरून निघाली. दोघी बायकांच्या बाजूला बसल्या. दिवे गेले. मशीन घरघरलं, आणि दुसरं काहीच नाही.

"लागलं का?"

"लागलंय."

"मग हे का बोलंनात?"

रंभाबाईनं तिचा हात नुसता दाबून धरला.

मशीन एकच, त्यामुळं एक डबा संपला की चित्र थांबायचं, दिवे लागायचे आणि सोड्याच्या बाटल्या फटाफट उघडायच्या. दुसरा डबा संपला, तिसरा संपला. आवाज नाही तो नाहीच. कमलम्माला कळून चुकलं. ती मान खाली घालून रडत राहिली. लोकांना तर बोलपटांची चटक लागलेली. शिट्ट्या सुरू झाल्या. "आवाज सोडा की!" "मुकं हाय रं हे!"

हे मात्र तिला सोसवलं नाही. बसप्पाच्या चित्राला मुकं म्हणता? चार डबे झाले की वेशीचं दार येतं, हे तिला पाठ होतं. बाटल्यांच्या आवाजावरून ती चित्र कुठवर आलं ते ओळखायची. चौथ्यांदा बाटल्या उघडल्या, दिवे गेले आणि ती उभी राहिली.

"खाली बस, कमलम्मा! ते न्हाय हे..." रंभाबाई पदर ओढत होती.

तोवर कमलम्मा ओरडली होती, "धनी, दार उघडा, मी हाय की! बागला तगीरी!"

केमच्या गोठ्यात दाराच्या आधीचा एक डबा ओलीनं कुजला होता. मालकानं तो गाळूनच चित्र लावलं होतं. वेशीचं दार मघाच, शिट्ट्यांच्या गोंगाटात येऊन गेलं होतं. रंभाबाईनं ते पाहिलं होतं, पण रडणाऱ्या बाईला कुठं सांगत बसायचं म्हणून ती गप्प राहिली होती. आता पडद्यावर विजयाची मेजवानी चालली होती. एक लठ्ठ हवालदार दारूच्या नशेत नाचत होता. त्यानं तोंड उघडायला आणि हा टाहो ऐकू यायला एकच गाठ पडली. थिएटर खदखदून हसलं. बाकं बडवली गेली. "पुन्ना! पुन्ना!" म्हणून ओरडा झाला.

कमलम्मा तशीच उभी राहिली. "रंभाबाई," ती हळूच म्हणाली, "हितं तर लोकं रडायची की."

रंभाबाईनं तिला धरून बाहेर आणलं.

त्यानंतर कमलम्मा पुष्कळ जगली. कांड्या भरायची, रंभाबाईशी चार शब्द बोलायची. पण नवऱ्याला आठवायला बसलं की आधी तिला स्वतःचा चिरका आवाज ऐकू यायचा आणि त्यावर ते हसणं. त्याच्या पलीकडे बसप्पा काही केल्या सापडेना. शेवटी तिनं आठवणंच सोडून दिलं.