तीस दिवसांची मुदत

मानपाड्याच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात गुणाजी शिवगण एकतीस वर्षं ऑपरेटर होते. साठाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून चौदा लाख हातात आले. एवढ्या वर्षांत त्यांनी फंडातून एकदाही उचल घेतली नव्हती. शेअर रिक्षाचे पैसे वाचवायला कामावर चालत गेले. टीव्ही बिघडला तेव्हा दोन वर्षं टीव्हीशिवाय काढली. बायकोने, सुमतीने, या काटकसरीबद्दल कधी तक्रार केली नाही आणि कौतुकही केलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांना पैशांचा विचार करणं थांबवायचं होतं. दहा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले, तिमाहीला साडेवीस हजार व्याज सुरू झालं. एक लाख आजारपणासाठी खात्यात ठेवले. उरले तीन.

फेब्रुवारीत त्यांची भाची दक्षता घरी आली. अकरावीपासून पदवीपर्यंत ती यांच्याकडेच राहिलेली, फीसुद्धा मामानेच भरलेली. आता वर्तकनगरला एका खासगी बँकेत नोकरी करत होती.

"मामा, ते तीन लाख माझ्या बँकेत ठेव. एफडीसारखंच आहे, पाच वर्षांसाठी. व्याज जास्त मिळतं."

फॉर्म ती भरूनच घेऊन आली होती. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलने फुल्या होत्या.

"कंपनीतून फोन येईल," ती म्हणाली. "काही विचारलं तरी हो म्हण."

फोन आला. एक बाई हिंदीत भरभर काहीतरी वाचून दाखवत गेली. गुणाजी प्रत्येक वेळी हो म्हणाले.

सव्वीस फेब्रुवारीला कुरियरने जाड पाकीट आलं. ते त्यांनी तसंच कपाटात ठेवलं. तीन आठवडे उघडायचा कंटाळा केला. मग एका दुपारी झोप येईना म्हणून काढलं. इंग्रजी बोलता येत नसलं तरी कारखान्यात रोज इंग्रजी बॅचकार्ड, म्हणजे रंगाच्या प्रत्येक घाण्याची नोंद, वाचायची सवय होती. त्यांनी प्रत्येक पान वाचलं. सहाव्या पानावर ते थांबले. ही विम्याची पॉलिसी होती. दरवर्षी तीन लाख भरायचे, दहा वर्षं. सगळे मिळून तीस लाख.

त्यांनी सुमतीला हाक मारून सांगितलं. तिने पान हातात घेऊन आकड्यांवरून बोट फिरवलं.

"तिला नीट कळलं नसेल," ती म्हणाली.

"तीच बँकेत आहे ना."

पुढच्या पानावर लिहिलं होतं की पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. म्हणजे अठ्ठावीस मार्चपर्यंत. हातात आठवडा होता.

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून ते वर्तकनगरला गेले. बँकेत दक्षता त्यांना "बसा ना, काय काम आहे?" म्हणाली. मग पाकीट बघून उठली आणि त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेली. तिथे पुन्हा 'तू' सुरू झालं.

"पुढच्या वर्षी भरू नकोस, मामा. एवढंच करायचं."

"मग हे तीन लाख?"

तिने टपरीवाल्याला दोन चहा सांगितले.

"परत करायचा अर्ज कुठे मिळतो?"

"मी देते ना. फक्त एप्रिलमध्ये कर. मार्च निघू दे. माझं टार्गेट तुझ्या पॉलिसीवर पुरं झालंय. आता रद्द झाली तर साहेब मला दारात उभं करणार नाहीत."

"एप्रिलमध्ये घेतात का परत?"

दक्षताने चहाचा ग्लास खाली ठेवला. तिला तारीख माहीत होती, हे गुणाजींच्या तेव्हा लक्षात आलं. इतका वेळ ते मनात सुमतीचंच वाक्य धरून होते, की पोरीला नीट कळलं नसेल.

रागवायला हवं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. पाय दुखत होते आणि परतीच्या दोन बस डोळ्यांसमोर होत्या.

"आण अर्ज," ते म्हणाले. "तूच भर. माझं इंग्रजी अक्षर चांगलं नाही."

तिने आतून अर्ज आणून टपरीच्या बाकावरच भरला, गुणाजींनी सही केली. आत जाऊन शिक्का मारलेली पोच आणून दिली. ती देताना तिने वर बघितलं नाही.

सोळा दिवसांनी पैसे जमा झाले, स्टॅम्प ड्युटी वगैरेचे हजारभर रुपये कापून. गावाहून बहिणीचा, दक्षताच्या आईचा, फोन आला. आपल्याच पोरीच्या पोटावर पाय दिलास, असं ती म्हणाली. गुणाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन सुमतीकडे दिला. फुलीवर सही मागणारी पोर आपल्याच घरात वाढलेली, हे बहिणीला सांगावंसं त्यांना वाटलं नाही.

शेजारचे केदार म्हणाले, "थोडे म्युच्युअल फंडात टाका. आठ-दहा वर्षांत चांगले वाढतील."

"वाढत असतील," गुणाजी म्हणाले. "पण मग रोज बघत बसावं लागेल. आता तेवढं होत नाही." त्यांनी तीन लाख साध्या एफडीत ठेवले, पावतीवर सुमतीचं नाव घातलं.

दक्षताने मेमध्ये बँक सोडली. एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लागली, पगार सात हजारांनी कमी. गणपतीत आली नाही. दिवाळीत मात्र आपल्या मुलीला, सान्वीला घेऊन आली. सुमतीने फराळ दिला. बराच वेळ सान्वीच्या शाळेबद्दलच बोलणं चाललं.

निघताना चपला घालता घालता दक्षता म्हणाली, "मामा, जुन्या नोकरीचा फंड आहे माझा. लाख-सव्वा लाख. काढू का?"

"राहू दे तिथेच," ते म्हणाले. "आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला जमव आधी. कोणी काही घेऊन आलं की पहिल्याच दिवशी सही करू नकोस. घरी ठेवून वाच."

तिने मान हलवली. सान्वीचा हात धरून ती जिना उतरली. गुणाजी दार लावून आत आले आणि पलंगावर आडवे झाले. सुमतीने विचारलं, चहा ठेवू का. ते म्हणाले, थोड्या वेळाने.