न्हाणीच्या दाराबाहेरचे सेकंद

आमच्या घरचे मला संशयी म्हणतात. आहेच मी संशयी! आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

आमचे हे कलकत्त्याजवळ बजबजच्या ज्यूट गिरणीत इंजिनीअर. एकदा शिडीवरून पाय सटकला आणि लोखंडी तुळईवर दोन्हीकडे पाय पडून आदळले. लघवीची नळी फाटली. कलकत्त्याच्या मोठ्या इस्पितळात दोनदा शस्त्रक्रिया करून सर्जननी ती नव्याने बांधली. घरी सोडताना ते म्हणाले, "हा मार्ग हळूहळू पुन्हा आवळतो कधीकधी. धार बारीक झाली की लगेच या. पार बंद पडली तर परत कापावं लागेल."

आता धार बारीक झाली हे सांगणार कोण? हेच ना! फणफणून ताप आला तरी "काही नाही गं" म्हणणारा हा माणूस. त्यातून ह्यांच्या घरची शिस्त अशी, की न्हाणीत गेलं की आधी बादलीत नळ सोडायचा. बाहेर बायकांना आवाज जाता कामा नये. कलकत्त्यात बागबाजारच्या आमच्या भाड्याच्या घरातही ती इमानेइतबारे पाळली जायची.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. मापाच्या रेघा असलेला काचेचा पेला आणला आणि फर्मान काढलं, "रोज सकाळी तांब्याभर पाणी प्यायचं. तासाभराने नळ बंद ठेवून दोनशेच्या रेघेपर्यंत पेला भरायचा. भरला की 'झालं' म्हणायचं. मी बाहेर घड्याळ धरून उभी आहे."

"अगं, काही लाजलज्जा?"

"ती इस्पितळात ठेवून आलात. चला, आत व्हा!"

सुरुवातीला चौदा-पंधरा सेकंद लागत. मी रोज वहीत लिहायची. मग अठरा झाले, बावीस झाले, सव्वीस झाले. तीस झाले की इस्पितळ गाठायचं, असं मी बजावलं होतं. आणि अचानक एका सकाळी पुन्हा पंधरा! मला काही ते पटेना. सरळ दार ढकलून आत गेले. पेला जेमतेम अर्धा भरला होता.

"काय हो, मला फसवता?"

हे पाटावर मटकन बसले. "मला पुन्हा त्या टेबलावर नाही जायचं गं," म्हणाले. पण तासाभरात टॅक्सीत घातलंच त्यांना.

इस्पितळात तरुण डॉक्टरने विचारलं, "तक्रार काय?"

"काही नाही," हे म्हणाले.

"तक्रार माझी आहे," मी म्हटलं आणि वही पुढे सरकवली. पोरगा हसला. मी खुर्चीवरून हलले नाही. शेवटी सर्जनना बोलवावं लागलं. त्यांनी वही पानन् पान पाहिली आणि नळीत औषध सोडून एक्स-रे काढायला लावला. नव्या जोडापाशी नळी खरोखरच आवळली होती.

"आत्ता सळई घालून नळी रुंद होईल, सुरी नको," सर्जन म्हणाले. "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं." मग टेबलाभोवती जमलेल्या डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना वही दाखवत त्यांनी विचारलं, "हे कोणी मोजलं?"

ह्यांनी हे दुखणं सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. चादरीखाली पडल्या पडल्या मोडक्या बंगालीत म्हणाले, "माझ्या बायकोने. मी खोटं बोलत होतो, तिने पकडलं."

सर्जन सळई घेऊन पुढे आले तेव्हा ह्यांनी माझा हात घट्ट धरला. पंधरा-वीस परकी पोरं बघत होती, तरी सोडला नाही.