रफीकभाईंच्या बोटांची मराठी

आमच्या शहाद्याच्या टायपिंगच्या दुकानातले किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. फ्लेक्सच्या उरलेल्या पट्ट्या कोपऱ्यात साचतात, तसे तेही साचले. त्यातले बरेचसे हसण्यासारखे आहेत, पण हल्ली सांगायला बसलं की हसू येत नाही.

दुकान रफीकभाईंचं. मी लोणखेड्याहून यायचो आणि त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसायचो. आमचा फाँट जुना. इंग्रजी 'e' दाबली की पडद्यावर 'म' उमटायचा, पण कॉम्प्युटरच्या पोटात ती 'e'च राहायची. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली, की मराठी गायब आणि नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी!

एका आप्पांनी मुलाची लग्नपत्रिका आमच्याकडे टाइप करून घेतली आणि छापायला नवापूरला नेली. दुसऱ्या दिवशी तावातावानं परत आले. हातात खिचडीचा कागद.

"हाई मन्हा आंडोरनी पत्रिका शे का मंतर?"

रफीकभाईंनी चष्मा लावला आणि त्याच खिचडीवरून मुहूर्त, मांडव, मामालोकांची नावं, सगळं घडाघडा वाचून दाखवलं.

"मराठीच शे आप्पा. फक्त कपडा इंग्रजी घालेल शेतस."

आप्पा म्हणाले, "मंग पाहुणासले वाचाले तूच ये लगीनमा."

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा किस्सा मात्र मला आवडत नाही. गेलेल्या माणसाचं नाव मोबाईलवरून आलं होतं. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरला ते वाचता आलं नाही, आणि घाईत कुणी पाहिलंही नाही. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर 'कै.' आणि पुढे नुसते रिकामे चौकोन. आम्ही उतरवायला धावलो, तर त्यांची बायको खाली उभी. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नाव नई ते नई, फोटो ते तेस्नाच शे."

पुढे त्या चौकातून जाणं मी टाळायचो.

मग मोबाईलवर जो तो आपापली मराठी टाइप करायला लागला आणि गिऱ्हाईक आटलं. रफीकभाईंच्या मुलानं, इम्राननं, दुकानात नव्या मांडणीचा मराठी कीबोर्ड बसवून दिला. रफीकभाई आठवडाभर त्याच्याशी झगडले, आणि मग जुन्यावर परत आले.

"डोकं शिकनं रे, बोटं नई शिकनात."

आम्ही हसलो. नंतर मीही दुसरीकडे नोकरी धरली.

गेल्या हिवाळ्यात रफीकभाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भेटायला गेलो तर इम्रान कॉटजवळ बसलेला. काही हवं असेल तर लिहा, म्हणून त्यानं त्यांच्या डाव्या हाताशी मोबाईल दिला होता.

"दखा भाऊ. काई बी लिखतस. डॉक्टरले बी दखाडं. डोकं गयं अब्बानं."

तेवढ्यात त्याला भंगारवाल्याचा फोन आला. तो तिथेच, कॉटशेजारी बोलायला लागला, "हा, या, दुकानना सगळा कॉम्प्युटर लई जा. नई, अब्बाले काय इचारनं? तेस्ले आते काई समजत नई."

रफीकभाई माझ्याकडे बघत होते. मी मोबाईल उचलला. एकाखाली एक, तेच लिहिलेलं.

eyk letra
eyk letra
eyk letra

मी इम्रानला फोन ठेवायला लावला आणि वाचून दाखवलं, "मला समजतं."