सरांनी कापलेला अर्धा गुण

भापकर सरांची आणि माझी पहिली ओळख अर्ध्या गुणावरून झाली. मिरजगावच्या शाळेत मी आठवीत होतो. इंग्रजीच्या पेपरात ‘ॲक्युरेट’चा अर्थ मी ‘अचूक’ असा लिहिला आणि सरांनी एकातला अर्धाच गुण दिला. तक्रार घेऊन गेलो, तर म्हणाले, “अर्थ बरोबर आहे, पण शब्द आला कुठून? लॅटिनमध्ये ‘क्युरा’ म्हणजे काळजी. काळजी घेऊन केलेलं काम ते ॲक्युरेट. अर्धा गुण त्या काळजीचा.” पुस्तकात नसलेल्या गोष्टीसाठी गुण कापणारे हे शिक्षक मला तेव्हा मुळीच आवडले नव्हते. आज सरांच्या पंचाहत्तरीला ते कबूल करून टाकतो.

प्रत्येक शब्दाचे कूळ सांगितल्याशिवाय सर पुढे सरकत नसत. त्यामुळे शेवटचे धडे हमखास राहत आणि ते रविवारी घरी बोलावून शिकवत. सरांच्या पत्नी, माई, सगळ्या वर्गाला पोहे करून घालत. निम्मी मुले पोह्यांसाठी जात आणि त्या निम्म्यांत मी होतो.

पुढे मी मोजणी खात्यात लागलो. सर निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या शेताच्या मोजणीचा अर्ज केला आणि ते काम नेमके माझ्याकडे आले. सरांपुढे हुशारी दाखवायची संधी मी सोडणार नव्हतो. कोपऱ्यातल्या लिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा होता. हद्दीचा जुना दगडच पुढे म्हसोबा होतो, हे आमच्या भागात नेहमीचे. मी मशीन लावून तिथूनच मोजायला सुरुवात केली. पलीकडच्या टोकाचा दगड नकाशाशी जुळेना, तेव्हा तो नांगराने सरकला असेल असे स्वतःच ठरवले आणि खुणा ठोकल्या. हद्द शेजारच्या भानुदास नानांच्या नव्या विहिरीतून गेली. निम्मी विहीर सरांची झाली.

नाना काठावर बसून होते. विहिरीला नुकतेच पाणी लागले होते. सरांच्या शेताची मोजणी, ती सरांच्याच विद्यार्थ्याने केलेली, तिथे बोलणार कोण?

सरांनी विचारले, “सुरुवात कुठून केलीस?”

“म्हसोबापासून.”

“तो तिथला नाही. माझ्या वडिलांनी उचलून सावलीला बसवला. पहार मीच धरली होती.”

सर बांधाने चालत गेले आणि जुनी जागा दाखवली. हातभर उकरल्यावर हद्दीच्या दगडाखाली पुरतात ती चुन्याची खूण निघाली. तिथून मोजले तर पलीकडचा दगड बरोबर जुळला आणि आख्खी विहीर नानांच्या रानात गेली. नानांनी टोपी काढून तोंड पुसले. म्हणाले, “सर, तुमी गप ऱ्हायला आसता तर मी काय बोललो नसतो.”

“म्हणूनच मला बोलावं लागलं,” सर म्हणाले.

मला वाटले, आता आपली पाळी. पण सरांनी चारचौघांत एक अक्षर काढले नाही. चहा पिताना हळूच म्हणाले, “तुझं मशीन चुकलं नाही. तू नानाला नुसतं विचारलं असतंस, तरी म्हसोबाची गोष्ट त्यानं सांगितली असती.” मला फार लाज वाटली. एका माणसाची विहीर मी घाईने कापली होती. आठवीतला तो अर्धा गुण का कापला होता, हे मला त्या बांधावर कळले.

तेव्हापासून कोणत्याही गावात मशीन लावण्याआधी मी तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाबरोबर चहा घेतो. नगरच्या कचेरीत त्यावरून माझी थट्टा होते. होऊ दे. सरांनी मला जे दिले ते याहून वेगळे सांगता येणार नाही. माझे त्यांच्यावर फार प्रेम आहे.

गेल्या महिन्यात सरांनी नवा अर्ज हातात ठेवला. “माझ्या मागं पोरांत वाद नको. वाटणीची मोजणी करून ठेव, आणि तूच कर.” अर्ज मी घेतला आहे. आमचे खाते तारखा लांबवते अशी लोकांची तक्रार असते. मी तसे कधी केले नाही, पण या एका अर्जावर करणार आहे. सर, तुम्ही धडधाकट राहा, रविवारी शाळेच्या पोरांना शिकायला बोलवत राहा. माईंचे पोहेही चालू राहू देत. तारीख मी पंचवीस वर्षांनंतरची देतो आहे, आणि त्या दिवशी बांधावर तुम्ही स्वतः हजर पाहिजे. म्हसोबाची जुनी जागा आता मलाही माहीत आहे, पण ती तुम्हीच दाखवायची.